अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या अभ्यासासाठी साहाय्याचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

अन्ननलिकेच्या कर्करोगातील पेशीमृत्यूशी निगडित प्रथिनांचा आपल्या मंडळाचा अभ्यास आपणांस परिचित आहेच. तो इथवर ज्यांच्यामुळे आला, त्यांचे ऋण आधी नमूद केले पाहिजे. गाठीचे मेणात जतन केलेले ठोकळे अभ्यासासाठी देण्यास रुग्णांनी संमती दिली, आणि त्यांच्या पश्चात कुटुंबीयांनी उपचारांची हकिकत तारीखवार लिहून दिली. एका भगिनींनी पतीच्या आजारपणाची वहीच आमच्या स्वाधीन केली. आज पेज उतरली, आज पाण्याचा घोटही नाही, अशा रोजच्या नोंदी तीत आहेत. सूक्ष्मदर्शक देणाऱ्या दात्यांनी त्यावर आपले नावही घालू दिले नाही.

बिघडलेल्या पेशीने स्वतःहून मरावे अशी शरीराचीच व्यवस्था असते. केर, वायली आणि करी या शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये तिला 'अपॉप्टोसिस' हे नाव दिले. बॅक्स हे प्रथिन पेशीला मृत्यूकडे नेते, बीसीएल-२ आणि सर्व्हायव्हिन तिला तगवून धरतात, तर कॅस्पेज-३ मृत्यूची प्रक्रिया तडीस नेते. आजाराची अवस्था तीच, शस्त्रक्रियाही तीच, तरी एक रुग्ण वर्षानुवर्षे जगतो आणि दुसरा काही महिन्यांत जातो. याचा अंदाज गाठीतील या प्रथिनांच्या प्रमाणावरून आधी बांधता येईल का, हा आमचा प्रश्न आहे. आजवरच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून आम्ही कोणतेही आश्वासन देत नाही. परंतु २०२० या एका वर्षात जगभरात या रोगाचे सुमारे ६,०४,००० नवे रुग्ण आढळले आणि ५,४४,००० मृत्यू झाले, हे पाहता प्रश्न सोडून देणेही आम्हांस मान्य नाही.

ठोकळे वर्षानुवर्षे टिकतात, पण त्यांच्या कापून ठेवलेल्या चकत्यांमधील प्रथिने काळ लोटेल तशी प्रतिपिंडांना, म्हणजे ती प्रथिने हेरून त्यांना चिकटणाऱ्या द्रव्यांना, नीट प्रतिसाद देईनाशी होतात आणि प्रथिनांची खूण म्हणून दिसणारा तपकिरी रंग फिका उमटतो. आमच्या चकत्या कापून तयार आहेत; प्रतिपिंडे मात्र संपत आली आहेत. गेल्या वर्षीच्या पत्राला फार थोड्या सभासदांनी उत्तर दिले, नकारही कळवला नाही, याचे वाईट वाटले, हे लपवीत नाही.

देणगी धनादेशाने अथवा थेट मंडळाच्या खात्यावर, महिनाअखेरपूर्वी द्यावी, पावती मिळेल. ठोकळ्यांसाठी लेखी संमती आवश्यक आहे. रुग्णाची ओळख गुप्त राहील. ज्यांना पैसे देणे शक्य नाही, त्यांनी आपल्या रुग्णाची पुढील हकिकत तारखांसह कळवावी. तिची निकड देणगीइतकीच आहे.

आपला नम्र,
चिटणीस