तिसऱ्या रांगेत कोण बसलं होतं?

माननीय संपादक,

शनिवारच्या पुरवणीतली हायक्रॉस, एक्सयूव्ही ७०० आणि सफारी या तीन रांगांच्या गाड्यांची तुलना आमच्या घरात सगळ्यांनी वाचली. यातलीच एक घ्यायची असं बरेच दिवस चाललं आहे, त्यामुळे पुरवणी चहावाल्या टेबलावरून अजून हललेली नाही. छायाचित्रं छान आहेत, लिहिलंयही झोकात. एकच विचारायचं आहे. तुमचे परीक्षक गाडीत मागे जाऊन बसले होते का?

स्टिअरिंग हलकं की जड हे लेखात आहे. एकीचं डिझेल इंजिन १८५ अश्वशक्तीचं आणि दुसरीचं १७० चं, म्हणून ओव्हरटेक करताना काय वाटतं, तेही आहे. हायक्रॉसला एसयूव्ही म्हणावं की नाही यावर अख्खा परिच्छेद खर्ची पडला आहे. सनरूफचं कौतुक तर विचारू नका. आम्ही गाडी भरून निघतो ते गणपतीत, कुंभार्ली घाटातून, धो धो पावसात. तेव्हा छप्पर उघडून काय बघायचं तेही एकदा लिहा. तिसऱ्या रांगेबद्दल मात्र सबंध दोन पानांत एकच वाक्य: लहान मुलांसाठी पुरेशी.

आमच्याकडे तिसऱ्या रांगेत मी आणि माझ्या जाऊबाई बसतो. दोघींचीही पन्नाशी उलटली आहे. पुढे हे आणि भाऊजी, कारण एकाला चालवायचं असतं आणि दुसऱ्याला कसं चालवावं ते सांगायचं असतं. मधे सासूबाई, गुडघ्यांमुळे. त्यांच्याशेजारी दोन्ही मुलं, कारण त्यांना मागे गाडी लागते. उरल्या कोण? सुना. भाऊजींच्या जुन्या सात आसनी गाडीत कऱ्हाडहून चिपळूणमार्गे गावी पोचेपर्यंत गुडघे हनुवटीला लागलेले असतात, मांडीवर फुलांची परडी, पायाशी मखराचे तुकडे, आणि एसीचा वारा सासूबाईंच्या पदरापर्यंत येऊन थांबतो. आम्हालाही गाडी लागते हो, फक्त ते कोणी विचारत नाही.

म्हणून या खेपेला मी शोरूममध्ये बरोबर गेले. कोणतं शोरूम, कोणती गाडी ते लिहीत नाही. सेल्समन ह्यांना 'सर, सर' करत इंजिनाबद्दल सांगत होता. मी तिसऱ्या रांगेबद्दल विचारलं तर म्हणाला, "मॅडम, तुम्हाला कलर्स दाखवतो." रंग बघितले. मग सांगितलं की टेस्ट ड्राइव्हला मी मागे बसणार आणि घरचे सगळे येणार. तर म्हणे, तसं अलाऊड नाही, दोघंच या. बरं, निदान घाटात तरी न्या! तेही नाही, रूट ठरलेला, सर्व्हिस रोडने सरळ जायचं आणि पुलाखालून वळून यायचं. शेवटी मी शोरूममधल्या उभ्या गाडीतच मधली सीट पाडून, अंग चोरून मागे शिरले. सीटवरचं प्लॅस्टिकही काढलेलं नव्हतं. बाहेर यायला मला हात द्यावा लागला तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "काकू, ही सीट एवढी वापरतं कोण?" मॅडमची काकू झाले ती तिथे. पंचवीस लाखांच्या आसपासची वस्तू विकणाऱ्या माणसाने सात माणसांना एकदाही बसवून दाखवू नये?

पत्रकार म्हणून हे तुम्ही करायला हवं होतं. हायक्रॉसचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २८५० मिलिमीटर, एक्सयूव्ही ७०० चा २७५०, सफारीचा २७४१, हे आकडे तुमच्याच तक्त्यात आहेत. तो चार इंचांचा फरक मागच्या गुडघ्यांपर्यंत पोचतो की वाटेत मधल्या रांगेतच संपतो, हे मागे बसल्याशिवाय कसं कळणार? डिकीचंही तेच. मोजायची तर तिन्ही रांगा उभ्या ठेवून मोजा, नाहीतर सात जणांच्या बॅगा आणि येताना नारळाचं पोतं कुठे ठेवायचं ते सांगा.

सुरक्षेच्या ताऱ्यांवर तुम्ही भरभरून लिहिलं आहे. तारे हवेतच. पण हे तारे देणाऱ्या भारत एनकॅपच्या समोरच्या धडकेच्या चाचणीत मोठ्या माणसांचे पुतळे पुढच्या दोन सीटवर असतात, लहान मुलांचे मधल्या रांगेत. तिसऱ्या रांगेत कोणी नसतं. आणि तारे देताना मागून धडक देऊन बघत नाहीत. आम्ही दोघी मागच्या काचेला डोकं टेकून बसतो आणि मागे उसाचा ट्रक असतो. खिडक्यांवर उघडणारी पडदा एअरबॅग मागपर्यंत पोचते का, एवढं तरी विचारून घ्यायचं होतंत.

किमतीही एक्स-शोरूमच दिल्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी उतरून ४० टक्क्यांवर आला याचा आनंद लेखात आहे, पण महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के आणि डिझेलला १५ टक्के रोड टॅक्स लागतो, याबद्दल अवाक्षर नाही. पंचवीस लाखांवर तो फरक सरळ पन्नास हजारांचा होतो. पेट्रोल-बॅटरीवरची हायब्रिड महाग आणि डिझेल स्वस्त असा निकाल देताना हे धरलं होतं का? वर विमा, एक टक्का टीसीएस (विक्रेता आपल्याकडून आगाऊ घेतो तो प्राप्तिकर) आणि ती न मागता गळ्यात मारलेली मॅट-मडफ्लॅपची किट आहेतच.

आणि आता लिहितेच आहे तर, त्याच पुरवणीच्या शेवटच्या पानावर तुम्ही पहिला नंबर दिलेल्या गाडीची पानभर जाहिरात होती. योगायोग असेल. पण जाहिरातीतला टाइप चष्म्याशिवाय वाचता आला आणि तुमच्या तुलनेच्या तक्त्याला सासूबाईंचं भिंग लागलं, तेवढं छपाई विभागाला कळवावं.

कळावे,
आपली एक वाचक,
कऱ्हाड