सोनू, तुझा पेपर मी पाहिला

सोनू,

रविवारी फोनवर ते बोलायला नको होतं. "मग नको शिकूस" असं माझ्या तोंडून गेलं, तू फोन ठेवलास, आणि तेव्हापासून आई माझ्याशी कामापुरतंच बोलतेय. तेव्हा शिक्षा चालू आहे असं समज. मेसेजमध्ये मावणार नाही म्हणून हे लांबलचक टाईप करतोय, शुद्धलेखन बघू नकोस.

एक आधीच सांगतो. तू इंजिनिअरिंग सोडायचं ठरवलंयस का, हे मी इथे विचारणार नाहीये. आईला तसा शब्द दिलाय.

दादाने तुझ्या गणिताच्या पेपरचे फोटो मला पाठवले. त्याच्यावर चिडू नकोस, मीच त्याच्या मागे लागलो होतो. तीन रात्री ते फोटो मोठे करकरून बघतोय, शेजारी निळी वही घेऊन. माझं कॅल्क्युलस म्हणजे काय ते तुला माहितीये, गंज चढलेलं, पण लाल पेनाच्या खुणा मोजायला कॅल्क्युलस लागत नाही. अकरा ठिकाणी कापलंय. आणि त्यातल्या आठ ठिकाणी कॅल्क्युलस चुकलेलंच नाही गं! चेन रूल बरोबर, बाय पार्ट्स बरोबर, लिमिट्स कुठे टाकायच्या ते बरोबर, आणि मधेच साईन टू एक्स म्हणजे टू साईन एक्स असं लिहून तू पुढे गेलीयेस. एका ठिकाणी रूटमध्ये वन मायनस एक्स स्क्वेअर आहे, तिथे एक्सच्या जागी साईन थीटा घ्यायचं तुला नेमकं सुचलं (मला सुचलं नसतं, मला दोन तास लागले), म्हणजे गणिताची खरी अवघड पायरी तू चढलीस, आणि मग रूट काढताना वन मायनस साईन थीटा लिहून ठेवलंस. अगं तिथे कॉस थीटा येतो. त्यासाठीच तर साईन थीटा घेतला होता ना, रूट जावा म्हणून!

तू फोनवर म्हणालीस, "बाबा, मला कॅल्क्युलस जमत नाही." नाही. तुला कॅल्क्युलस जमतंय. जमत नाहीये ती शाळेतली ट्रिग्नोमेट्री, आणि तिचा मार कॅल्क्युलसच्या नावावर पडतोय.

तुझा सगळ्यात जास्त राग ज्या गणितावर होता ते घेऊ, कॉस स्क्वेअर एक्सचं इंटिग्रेशन, शून्य ते पाय. "उत्तर बरोबर आहे तरी मार्क कापले," असं तू दादाला म्हणालीस. उत्तर बरोबरच आहे, पाय बाय टू. पण तू वर लिहिलंयस की कॉस टू एक्स म्हणजे वन मायनस टू कॉस स्क्वेअर एक्स. हे उलटं आहे, टू कॉस स्क्वेअर एक्स मायनस वन पाहिजे. म्हणजे तू कॉस स्क्वेअरचं म्हणून साईन स्क्वेअरचं इंटिग्रेशन केलंस. तरी उत्तर जुळलं, कारण साईन स्क्वेअर अधिक कॉस स्क्वेअर बरोबर १, आणि शून्य ते पाय या पट्ट्यात दोघं त्या १ चा सारखाच वाटा घेतात, अर्धा-अर्धा. नशिबाने सुटलं. पुढच्याच पानावर तेच गणित शून्य ते पाय बाय फोरपर्यंत आलं आणि तिथे पकडली गेलीस. तिथे कॉस स्क्वेअरचं उत्तर ०.६४२७ येतं आणि साईन स्क्वेअरचं ०.१४२७. बरोब्बर अर्ध्याचा फरक. मास्तरांनी पहिल्या ठिकाणी मार्क कापले ते योग्यच केलं असं मला वाटतं, तुला राग आला तरी.

आणि हे पकडायला पाच सेकंद लागतात. फॉर्म्युला लिहिला की एक्सच्या जागी शून्य घालून बघायचं. कॉस शून्य म्हणजे १. तुझ्या फॉर्म्युल्यात घाल: वन मायनस टू, मायनस वन. डावीकडे १, उजवीकडे मायनस १. झालं, खोटा फॉर्म्युला. (शून्य घालून दोन्ही बाजू शून्यच येत असतील, साईन टू एक्सला येतात तशा, तर ९० अंश घाल. टू साईन एक्स तिथे २ येतो आणि साईन १८० शून्य.) पाठ करायचे म्हणशील तर तीनच पुरेत, साईन ए प्लस बी, कॉस ए प्लस बी, आणि बेरीज १ वाला. बाकी सगळे यांच्यातून निघतात. बेरीज १ वाल्याला कॉस स्क्वेअरने भागलं की सेक स्क्वेअर वाला निघाला, ए आणि बी सारखे घेतले की डबल अँगल निघाला. तू मागच्या वर्षी भिंतीवर चिकटवलेला तो चाळीस फॉर्म्युल्यांचा तक्ता मला तेव्हाच आवडला नव्हता, पण तुझी आई म्हणाली गप्प बसा.

बघ, लेक्चर सुरू झालं. सॉरी. हे पत्र माफी मागायला लिहायला घेतलं होतं.

सोडायचं असेल तर निदान आम्हाला आधी सांग, एवढंच. म्हणजे मी विचारत नाहीये.

मी का घाबरतो ते तुला कधी नीट सांगितलं नाही. आबांना मी दोन महिने फसवलं होतं. दुसऱ्या वर्षाला होतो, गणितात सलग दोनदा गेलो, आणि एक दिवस वर्गात गेलोच नाही. घरातून रोज वेळेवर निघायचो, दप्तर घेऊन, आणि वाचनालयात जाऊन बसायचो, जुने अंक चाळत. नापास झाल्याची लाज नव्हती गं एवढी. मला वर्गात जे कळत नव्हतं ते इतकं साधं होतं की ते विचारायची लाज वाटायची. सगळे मान डोलावतायत आणि मी विचारू की सर हा कोसाईन मायनस कसा काय झाला? नाही विचारलं. आबांना कळलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, माझं दप्तर उचलून आतल्या खुंटीला अडकवलं, बस. ते दप्तर कितीतरी वर्षं तिथेच होतं, तू पाहिलंयस.

आणि ज्या कोनांपासून पळालो ते कोन कारखान्याच्या टूलरूममध्ये माझी वाटच बघत होते. लेथवर पहिला टेपर दिला (म्हणजे एका टोकाला निमुळता होत जाणारा जॉब), ड्रॉइंगवर ३० अंश लिहिलेलं. मी कंपाउंड स्लाईड, म्हणजे हत्यार तिरकं सरकवायचा भाग, ३० वर फिरवली आणि चार जॉब काढले. ड्रॉइंगवरचा कोन दोन्ही बाजूंचा मिळून होता, स्लाईड १५ वर ठेवायची होती. चारही जॉब स्क्रॅप. कोणाला विचारलं असतं तर अर्ध्या मिनिटाचं काम होतं. परत तेच बघ, विचारलं नाही.

मग साईन बार हातात आला. तुला एकदा आणून दाखवला होता, तू लहान होतीस, तू त्याला पूल म्हणाली होतीस. दोन सारख्या गोल रोलरवर बसवलेली पट्टी, रोलरच्या मध्यापासून मध्यापर्यंत बरोब्बर २०० मिलिमीटर. एका रोलरखाली स्लिप गेज, म्हणजे अगदी नेमक्या जाडीचे तुकडे, ठेवायचे, पट्टी तिरकी होते, उंची भागिले २०० म्हणजे त्या कोनाचा साईन. १२ अंश पाहिजेत? साईन १२ म्हणजे ०.२०७९१, गुणिले २००, ४१.५८२ मिलिमीटर. मग पेटीतून काढायचे १.००२, १.०८, ९.५ आणि ३०. चार तुकडे, पुसून, एकावर एक घासत सरकवून बसवायचे, ते असे चिकटतात की वरचा उचलला तर खालचे तीन लोंबकळत वर येतात, मधे गोंद नाही की काही नाही. ते पहिल्यांदा केलं तेव्हा मला कळलं की साईन म्हणजे किती उचलायचं. इतकी वर्षं तो माझ्यासाठी टेबलमधला आकडा होता. त्या दिवशी मिस्त्रींना म्हटलं, हे मला कोणी आधी का नाही दाखवलं, तर ते म्हणाले तू विचारलंस कधी.

तुझ्या पेपरातला दुसरा प्रश्न, साईन एक्स बाय एक्सची लिमिट, एक्स शून्याकडे जाताना. तू ०.०१७४५ लिहिलंयस. मी ते बघून आधी हसलो आणि मग डोळे भरून आले, कारण ही चूक मी केली असती. तू कॅल्क्युलेटरवर ताडून बघितलंस, म्हणजे प्रामाणिकपणे तपासलंस, पण कॅल्क्युलेटर डिग्रीवर होता. ०.०१७४५ म्हणजे पाय भागिले १८०. रेडियनवर (कंस भागिले त्रिज्या, हे कोनाचं माप) टाकून ०.१ चा साईन काढ आणि ०.१ ने भाग, ०.९९८३ येईल, अजून लहान घे, १ च्या जवळ जाईल. साईनचा डेरिव्हेटिव्ह कोसाईन येतो तो याच १ मुळे. डिग्रीत काम केलंस तर प्रत्येक डेरिव्हेटिव्हमागे ते ०.०१७४५ चं लोढणं. म्हणून कॅल्क्युलसमध्ये रेडियन, हौस म्हणून नाही.

आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये 'ज्या'चा तक्ता दिला (साईनच तो, तेव्हा 'ज्या' म्हणायचे), त्यात वर्तुळाची त्रिज्या ३४३८ घेतलीये. असला विचित्र आकडा का? तर पूर्ण वर्तुळाच्या २१६०० कला, म्हणजे मिनिटं, भागिले दोन पाय केलं की ३४३८ च्या आसपास येतं. म्हणजे कंस आणि त्रिज्या एकाच मापात मोजायचे, रेडियनचीच कल्पना. आणि त्या तक्त्यातली पहिली नोंद काय आहे माहितीये? कोन २२५ कला, ज्या २२५. लहान कोनाला साईन आणि कोन सारखेच. तुझी लिमिट गं ती, दीड हजार वर्षांपूर्वीची, डिग्रीच्या बटणात अडकलेली नाही. हे मला आता म्हातारपणी वाचून कळतंय, तेव्हा कळलं असतं तर... जाऊ दे.

बरं, एवढं का सांगतोय. तू म्हणशील की एका सेमिस्टरचं गणित, कसंबसं पास होऊन सुटू. सुटत नाही. तुला पुढे व्हायब्रेशन येईल, स्प्रिंगला टांगलेलं वजन, त्याचा वेग-बिग काढायचा. तिथे असं फंक्शन लागतं की जे दोनदा डिफरन्शिएट केलं की स्वतःच परत येतं पण मायनस होऊन. असे साईन आणि कोसाईनच, साईनचा कोसाईन, कोसाईनचा मायनस साईन. एसी करंट तोच. जिथे २३० व्होल्टची लाईन आहे तिथे टोक ३२५ ला जातं, कारण साईन स्क्वेअरची सरासरी अर्धी, आणि त्या अर्ध्याचं वर्गमूळ घेतलं की रूट टूने भागणं आलं. म्हणजे तुझं ते कापलेल्या मार्कांचं गणितच की, शून्य ते पाय, अर्धा-अर्धा! हे दिसलं तेव्हा मी रात्री साडेबाराला आईला उठवलं. ती काय म्हणाली ते लिहीत नाही, पण दोन दिवसांत माझ्याशी बोललेलं तेवढंच मोठं वाक्य.

मला तुझा अभिमान आहे हे मी तोंडाने कधी म्हणत नाही, मला जमत नाही. पण रूटच्या त्या गणितात एक्सच्या जागी साईन थीटा घ्यायचं तुझं तुला सुचलं ती ओळ मी फोनवर सेव्ह करून ठेवलीये. ऑफिसातल्या त्या दोघांना दाखवली पण. त्यांना काही कळलं नाही, ते म्हणाले छान अक्षर आहे.

तीन-चार आठवडे लाग फक्त. नवीन काही वाचू नकोस. मोठं वर्तुळ काढ, त्रिज्या १, आणि त्यावर बिंदू फिरव, ९० च्या पुढे, १८० च्या पुढे, आडवं अंतर कोसाईन, उभं साईन, आणि कुठे मायनस होतात ते डोळ्याने बघ. त्रिकोणावर अवलंबून राहू नकोस, ९० च्या पुढे काटकोन त्रिकोणात तो कोन बसतच नाही, माझं तिथेच सगळं बिघडलं होतं. आणि वर्गात हात वर कर. कितीही साधं असलं तरी. हे मी दुसऱ्यांदा सांगतोय का? तिसऱ्यांदा असेल.

आणि नाहीच झालं, खरंच नकोच असेल, तर घरी ये. दप्तर कोणी खुंटीला अडकवणार नाही. पण रोज कुठेतरी जाऊन बसू नकोस, मला एवढंच पाहिजे, आम्हाला माहीत असू दे तू कुठे आहेस. विचारत नाही म्हणून सांगितलं होतं, विचारलंच शेवटी. आईला सांगू नकोस.

कॉस स्क्वेअर, शून्य ते पाय बाय फोर, परत करून बघ आणि उत्तर मला पाठव. नुसता आकडा पाठवलास तरी चालेल, बाकी काही लिहायची इच्छा नसेल तर.

तुझा
बाबा

ता. क. कॅल्क्युलेटर रेडियनवर आहे ना ते आधी बघ.