काकू, तुमच्या पोपटाबद्दल

ती. काकूंना सा. न.

पडद्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडला आणि आठ दिवस पालथं पडून राहायला सांगितलं. उशीत तोंड खुपसून माणूस करणार काय? तुम्ही तिसऱ्या मजल्यावरून खाली आलात आणि म्हणालात, "काय ऐकायचंय सांग, वाचून दाखवते."

मी मागितली डेव्हिड लँगफर्डची 'ब्लिट'. १९८८ साली 'इंटरझोन' मासिकात आलेली कथा. विज्ञानकथा म्हणजे यानं आणि परग्रहवासी, हे तुमचं ठाम मत. इथे यान नाहीच. नुसतं पाहिलं तरी माणूस मरेल असं एक चित्र आहे, त्याला म्हणतात 'पॅरट'. परक्यांचा द्वेष करणारा रॉबो रात्री खास चष्मा घालून, स्टेन्सिल धरून ते भिंतीवर फवारत हिंडतो. "म्हणजे बघणाऱ्याचा पोपट होतो तर!" असं म्हणून तुम्ही हसत सुटलात. मला डोकं हलवायची बंदी, तरी हसलो.

मग दोन पानांनी तुमचा आवाज बारीक झाला. इंग्रजी वाक्य वाचायचं, लगेच मराठीत सांगायचं, असं चाललं होतं. शेवटाला मराठी सांगायचं तुम्ही विसरलात. (शेवट इथे फोडत नाही.) खोलीत त्या चित्रापासून सुरक्षित असा मी एकटाच होतो, डोळ्यावर पट्टी बांधून. लँगफर्डना स्वतःला फार कमी ऐकू येतं, हे सांगितल्यावर तुम्ही "बघ, कसली गंमत" एवढंच म्हणालात.

पुढचं तुम्ही लेकीकडून रेकॉर्ड करून पाठवलंत. १९९९ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलेलं, याच चित्रांबद्दलच्या शंका-समाधानाच्या थाटातलं लँगफर्डचंच ते छोटं लिखाण. प्रश्न तुमच्या साध्या आवाजात, उत्तरं वर्गात द्यायचात तशी. परवा तेच छापील वाचलं. डोळा सारखा पुढच्या उत्तरावर उडी मारत होता आणि भीती काही वाटेना. तुमच्या आवाजात उडी मारायची सोयच नव्हती. ती उत्तरं कोणीतरी इतक्या शांतपणे देतोय, यातच सगळी भीती आहे हे मला ऐकताना कळलं.

लँगफर्डची पुढची कथा, 'डिफरंट काइंड्स ऑफ डार्कनेस', मात्र अर्धीच राहिलीय. शाळेतली पोरं चोरून तसलंच एक सौम्य चित्र किती सेकंद बघवतं याची पैज लावतात, तिथे कुकरची शिट्टी होते आणि तुम्ही म्हणता, "थांब रे, आलेच." रेकॉर्डिंग तिथेच संपतं. पुढचं मी अजून वाचलेलं नाही. शनिवारी वर येऊ का?

तुमचा,
पहिल्या मजल्यावरचा