ही वजाबाकी रिपोर्टवरच छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२९ सप्टेंबरच्या जागतिक हृदयदिनाच्या आसपास स्वस्त तपासणी पॅकेजांच्या जाहिराती सुरू होतात. त्यात लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातील चरबीची तपासणी, असतेच. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, शंभराच्या आत दिसले की कागद फाइलीत जातो. पण हा एलडीएल बहुतेक वेळा मोजलेला नसतो, हिशेबाने काढलेला असतो: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) वजा करायचे आणि ट्रायग्लिसराइडचा (रक्तातील आणखी एक चरबी) पाचवा भाग वजा करायचा. हे सूत्र १९७२ चे. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले की ते निकामी होते, आणि त्याच्या खालीही चढे असले तर एलडीएल आहे त्यापेक्षा कमी दिसू शकते.

समजा एकूण १८०, एचडीएल ३४, ट्रायग्लिसराइड २४० (सर्व मिग्रॅ प्रति डेसिलिटर). एलडीएल आले ९८. कुणी घाबरणार नाही. आता १८० मधून फक्त ३४ वजा करा. १४६! हे नॉन-एचडीएल. धोका कमी असलेल्या माणसातही ते १३० च्या आत हवे, हार्ट अटॅक येऊन गेलेल्यात ८५ च्या आत. कमी एचडीएल आणि चढे ट्रायग्लिसराइड ही जोडी मधुमेह व सुटलेले पोट असणाऱ्यांत, म्हणजे आपल्याकडे घरोघरी दिसते. अशा रक्तात एलडीएलचे कण लहान असतात. प्रत्येकात कोलेस्टेरॉल थोडे, पण कणांची संख्या जास्त; आणि धमनीच्या भिंतीत घुसतात ते कण. नॉन-एचडीएलमध्ये हे सारे घातक कण येतात. त्यासाठी उपाशी राहावे लागत नाही, जादा पैसेही पडत नाहीत.

पॅकेजात सहसा नसणारी दुसरी चाचणी म्हणजे लायपोप्रोटीन-ए, एलडीएलसारखाच कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण. आयुष्यात एकदा केली तरी पुरते, कारण पातळी मुख्यतः आनुवंशिक असते. ५० मिग्रॅच्या वर धोका वाढतो. पथ्याने ती फारशी हलत नाही, स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीनेही उतरत नाही. मग करायची कशाला? अशा माणसाचे एलडीएल आणि रक्तदाब अधिक कडकपणे आवरावे लागतात, तंबाखू सुटावीच लागते आणि भावंडांची, मुलांचीही तपासणी करावी लागते. काही प्रयोगशाळा हा आकडा नॅनोमोलमध्ये देतात. तिथे मर्यादा १२५. दोन रिपोर्टांची तुलना करण्याआधी एकक पाहावे.

आणखी एक घोळ. हार्ट अटॅकनंतर साधारण एका दिवसाने कोलेस्टेरॉल खाली येऊ लागते. चौथ्या दिवशीचा ‘छान’ रिपोर्ट पाहून नातेवाईक स्टॅटिनबद्दल शंका घेतात. नमुना पहिल्या २४ तासांत घ्यावा. गोळी सुरू झाल्यावर पुन्हा ४ ते १२ आठवड्यांनी. तेव्हा आकडा उतरला असेल तर तो गोळीमुळे, म्हणून गोळी बंद करू नये.

नॉन-एचडीएल छापायला वेगळे रसायन लागत नाही, संगणकात एक ओळ वाढवायची असते. काही प्रयोगशाळा ती छापतात. उरलेल्यांनीही छापावी, आणि तीही एलडीएलच्या वर.

आपला,
एक पॅथॉलॉजिस्ट, कोल्हापूर