मत्स्यपेटीत पीएचआधी क्षारता पाहा

माननीय संपादक,

आपल्या रविवार पुरवणीत घरच्या मत्स्यपेटीवर लेख आला होता. मासे निवडण्याविषयीची माहिती चांगलीच होती. पण ‘पीएच उतरला तर तो वाढवायचे औषध घाला आणि पेटी पूर्ण रिकामी करून नव्याने भरा’ हा सल्ला आमच्या खारपाणपट्ट्यात मासे मारणारा आहे. (पीएच म्हणजे पाण्याचा आम्लपणा दाखवणारा आकडा, तो जितका खाली तितके पाणी आम्लधर्मी.) मी दर्यापूर तालुक्यातल्या एका विद्यालयात प्रयोगशाळा परिचर आहे. घरी पेटी आहे, आणि गावातली मुले आपापल्या पेटीतले पाणी बाटलीत भरून माझ्याकडे तपासायला आणतात, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यातले भूजल खारे आहे. निऑन टेट्रासारखा ॲमेझॉनच्या मऊ पाण्यातला मासा आमच्या बोअरच्या पाण्यात तग धरत नाही. म्हणून इथे पेटी भरतात ती गच्चीवरून धरलेल्या पावसाच्या पाण्याने, नाहीतर आरओच्या जारने. हे पाणी माशांना मानवते, पण त्यात क्षारता, म्हणजे आम्ल पचवण्याची ताकद, नसल्यातच जमा.

बोअरचे पाणी शंकुपात्रात घेऊन आम्ल वाढले की रंग बदलणाऱ्या मिथिल ऑरेंजचे दोन थेंब टाकले की ते पिवळे दिसते. ब्युरेटमधून विरल हायड्रोक्लोरिक आम्ल सोडत राहिले तरी पिवळेपणा लवकर हटत नाही. पावसाचे पाणी घेतले तर पहिल्या एक-दोन थेंबांतच रंग लालसर होतो. आम्ल पचवायला त्या पाण्यात काही नाहीच.

आणि पेटीत आम्ल रोज तयार होते. विष्ठा आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया निघतो, जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. यात 1 मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे 7 मिलिग्रॅम क्षारता खर्ची पडते. कणगीतले धान्य संपेपर्यंत ताटातली भाकरी रोजच्यासारखीच असते, तसा पीएच कित्येक आठवडे जागचा हलत नाही. क्षारता संपली की मात्र एकदम कोसळतो. मग जिवाणूही मंदावतात आणि अमोनिया साचू लागतो. आम्लधर्मी पाण्यात तो अमोनियमच्या रूपात असतो, फारसा बाधत नाही. मासे खातात, फिरतात, घरच्यांना सगळे ठीक वाटते.

अशा पेटीत कुणी एकदम बोअरचे पाणी भरले की घात होतो. आठवीतला एक मुलगा धावत आला होता, “भाऊ, सारे मासे वरच येऊन राह्यले!” घरच्यांनी सकाळी पेटीतले बहुतेक पाणी उपसून बोअरच्या पाण्याने भरली होती. मासे पृष्ठभागाला तोंड लावून, कल्ले भराभर हलवत होते. बोअरच्या पाण्याने पीएच 6 वरून 8 वर गेला की साचलेल्या अमोनियमचा पुन्हा अमोनिया होऊ लागतो आणि या विषारी अमोनियाचा वाटा साधारण शंभरपट होतो, कारण त्या मापात एकेक अंक दहापटीचा असतो. त्यातून खाऱ्या पाण्याचा धक्का वेगळाच. संध्याकाळपर्यंत एकही टेट्रा राहिला नाही. ते पोरगं पेटीजवळून हलत नव्हतं.

यावर उपाय महाग नाही. बदलायचे पाणी आधी ड्रममध्ये तयार ठेवावे. 200 लिटर पावसाच्या किंवा आरओच्या पाण्याला 18 ग्रॅम खायचा सोडा, किराणा दुकानात तोलून घेतलेला, वेगळ्या भांड्यात विरघळवून घालावा. त्याने क्षारता लिटरमागे 50 मिलिग्रॅमच्या थोडी वर जाते. बेकिंग पावडर चालत नाही, धुण्याचा सोडा तर अजिबात नाही. चालू पेटीत सोडा थेट टाकू नये. दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी काढून ड्रमचे घालावे, म्हणजे बदल हळूहळू होतो. सोड्यात कॅल्शियम नसते, त्यासाठी नदीकाठचे शिंपले उकळून, फोडून, फडक्यात पुरचुंडी बांधून फिल्टरमध्ये ठेवावेत. पाणी आम्लाकडे झुकेल तसे ते विरघळतात. नुसता पीएचचा आकडा औषधाने वर ढकलला तर क्षारतेअभावी तो पुन्हा उतरतो, आणि ही चढउतारच माशांना सोसत नाही.

उन्हाळ्यात कूलरच्या वाऱ्याने पेटीतले पाणी झपाट्याने आटते. ते भरून काढताना साधे आरओचे किंवा पावसाचेच पाणी घालावे, सोडा न घालता. पाणी उडून जाते, क्षार आतच राहतात. वरून बोअरचे घालत गेलात तर पेटी महिन्याभरात खारट होते. तपासणीही रोज एकाच वेळी करावी. वनस्पती दिवसा कार्बन डायऑक्साइड ओढतात, त्यामुळे सकाळचा आणि संध्याकाळचा पीएच सारखा नसतो.

पहिल्या पावसाचे पाणी गच्ची धुऊन वाहून जाऊ द्यावे, त्यात धूळ आणि पाखरांची घाण असते. सध्या गावोगावी लोक ड्रम भरून ठेवत आहेत. तेव्हा पाऊस आहे तोवरच सोड्याचे हे प्रमाण येत्या पुरवणीत ठळक चौकटीत छापावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक
ता. दर्यापूर, जि. अमरावती