शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र: खोडलेल्या दोन रीडिंगांविषयी

माननीय शिक्षणमंत्री,
गोवा शासन, पर्वरी.

सप्रेम नमस्कार.

मी रसायनशास्त्राचा निवृत्त शिक्षक. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी प्रोजेक्टसाठी गावच्या मानशीपाशी, म्हणजे भरतीचे पाणी अडवणाऱ्या दारापाशी, जाऊन तीन बाटल्या पाणी घेऊन आली. प्रयोग जुनाच: पाण्यात पिवळा दर्शक घालून सिल्व्हर नायट्रेट थेंब थेंब सोडायचे, पिवळा रंग विटकरी झाला की थांबायचे आणि खारटपणा काढायचा. तिची तिन्ही उत्तरे वेगळी आली. मी टेबलापाशी पोचेपर्यंत दोन खोडून झाली होती. "सर, एक्स्टर्नलना जुळलेलं रीडिंग लागतं ना," ती म्हणाली. तिला काय बोलणार? तसल्या जुळलेल्या जर्नलांवर वर्षानुवर्षे सही मीच करत आलो होतो.

पाणी कसे भरले, ते विचारले. एक बाटली वरवरची. दुसरी दगड बांधून तळाला सोडली आणि तिथे दोरीने बूच ओढले. तिसरी ओहोटी लागल्यावर भरली. खारे पाणी जड म्हणून तळाला जाते, गोडे वर राहते. नदीचे खरे वागणे त्या खोडलेल्या आकड्यांतच होते!

२०११ साली इटलीतल्या ऑपेरा प्रयोगात न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचल्याचे दिसले. शास्त्रज्ञांनी महिनोन्महिने तपासले, चूक सापडेना, तेव्हा आकडा जगापुढे ठेवला आणि तुम्हीही तपासा म्हणाले. पुढे एक फायबर केबल नीट बसली नसल्याचे निघाले. आमची मुले प्रकाशाचा वेग तोंडपाठ सांगतात, ही केबल मात्र त्यांना कोणी दाखवत नाही.

गणितज्ञ आणि इतिहासकार दामोदर कोसंबी आपल्या गोव्याचे. हातोहात फिरताना नाणे किती झिजते, हे पाहायला त्यांनी जुन्या नाण्यांसोबत चलनातली नाणीही तराजूत घातली. आपण त्यांच्या नावाने विचार महोत्सव भरवतो. तराजू मात्र कॉलेजच्या कपाटात कुलपात असतो.

नव्या शैक्षणिक धोरणात पदवीच्या चौथ्या वर्षी संशोधन करता येते. चांगलेच आहे. पण तीन वर्षे आकडे जुळवायला शिकलेला मुलगा चौथ्या वर्षी काय शोधणार? दर सत्रात निदान एक प्रॅक्टिकल असे हवे, की ज्याचे उत्तर शिक्षकालाही ठाऊक नाही. त्यात गुण न जुळलेले रीडिंग शाईत तसेच ठेवून त्याचे कारण शोधणाऱ्याला द्यावेत. अभ्यासक्रम विद्यापीठ ठरवते, हे मला माहीत आहे. पण अनुदान तुमच्या हाती आहे, आणि सिल्व्हर नायट्रेट महाग असते. दोना पावलाला १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथे आमची मुले बसने जातात, ग्रुप फोटो काढतात, परततात. त्याऐवजी आठवडाभर एखाद्या संशोधकाशेजारी बसू द्या. छापायला पाठवल्यावर परत आलेला शोधनिबंध आणि त्यावरचे परीक्षकांचे शेरे वाचू द्या.

पावसाळ्यात मांडवी गोडी असते, नोव्हेंबरपासून खारे पाणी आत चढू लागते. एखाद्या कॉलेजपासून सुरुवात करायची असेल तर तोच महिना धरा. बाटल्या, दोरी आणि बुचे माझ्याकडे आहेत.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, फोंडा