गोधडीचा दोरा कापडापेक्षा बळकट नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गोधडीवर पानभर मजकूर आला. फोटो छान होते, जुन्या बायकांची आठवण काढलीत, वाचून बरं वाटलं. दोऱ्याबद्दल मात्र त्यात एकच वाक्य होतं, 'बाजारातला मजबूत दोरा वापरावा'. त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहिते आहे. असल्याच सल्ल्यावर विसंबून माझ्या हातून एका बाईच्या आईची लुगडी फाटली आहेत.

मी कराडला शनिवार पेठेत राहते. एकतीस वर्षं गोधड्या शिवते. आधी फक्त हाताने शिवायची, गेली चौदा वर्षं पायमशीनवरही शिवते. सहा वर्षांपूर्वी पुण्याहून एक बाई आईची चार सुती लुगडी घेऊन आल्या. आई त्याच वर्षी गेल्या होत्या. लुगडी धुऊन धुऊन इतकी मऊ झाली होती की हातात धरल्यावर वजन जाणवत नव्हतं. काम चांगलं व्हावं म्हणून मी नेहमीचं रीळ सोडून बाजारात गेले. दुकानदार म्हणाले, "हा घ्या ताई, तुटणारच नाही." जाड, चकचकीत पॉलिस्टरचा दोरा होता, बॅगा आणि जीन्स शिवायला वापरतात तसला. त्याला १४ नंबरची सुई चालेना, म्हणून १८ नंबरची लावली. गोधडी दिसायला देखणी झाली. त्या बाईंनी ती छातीशी धरली तो क्षण मी विसरलेले नाही.

दुसऱ्या धुण्यानंतर त्यांचा फोन आला. त्या रागावल्या नव्हत्या, त्यामुळे मला जास्तच लागलं. गोधडी परत आली तेव्हा टाक्याच्या रेषेवर कापड कातरीने कापल्यासारखं उघडं पडलं होतं. दोरा मात्र जसाच्या तसा, एक टाका तुटला नव्हता.

कारण समजायला मला दोन दिवस लागले. पांघरुणावर ओढ रोजच येते. मुलं त्यावर लोळतात, दोघी दोन टोकं धरून झटकतात, धुतल्यावर पीळ घालतात. ओढ आली की दोरा आणि कापड यांत जे कमजोर असेल ते आधी सुटतं. दोरा कमजोर असला तर टाका तुटतो आणि तो पाच मिनिटांत पुन्हा घालता येतो. कापड कमजोर असलं तर कापड जातं. पंचवीस वर्षं नेसलेल्या लुगड्याला ठिगळ द्यायला तसंच दुसरं लुगडं कुठून आणायचं? शिवाय १८ नंबरची सुई म्हणजे १.१ मिलिमीटर जाडीची. बारीक टाक्याने ती भोकं इतकी जवळजवळ पडली होती की पोस्टाच्या तिकिटाची कडच तयार झाली. तिकीट कुठे फाटतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

सासूबाईंना हे न सांगता कळत होतं. आमच्याकडे घट बसायच्या आधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं नदीवर जातात. भिजलेली गोधडी एकट्या बाईला उचलत नाही. ती दगडावर आपटायची, मग एकीने इकडून नि एकीने तिकडून पिळायची. गोधडीच्या दोऱ्याची खरी परीक्षा कृष्णेच्या घाटावर होते. सासूबाई फक्त सुती दोरा वापरायच्या. सुताचा एक मोठा गुण असा, की ओलं झाल्यावर ते कमजोर होत नाही, उलट थोडं बळकट होतं. रेयॉनचा चमकदार दोरा याच्या अगदी उलट, ओला झाला की निम्म्या ताकदीचाही भरवसा नाही. भरतकामाला तो सुंदर दिसतो, पण गोधडीच्या धावदोऱ्यात तो कोणी घालू नये. सासूबाई नवी लडी आणली की आधी रात्रभर पाण्यात ठेवायच्या. दोरा काय आटायचा तो आधीच आटून जायचा. लुगडी तर आधीच आटलेली असतात. नवा दोरा तसाच वापरला आणि तो नंतर आटला, तर गोधडीला सुरकुत्या पडतात. रंगीत दोरा असेल तर याच पाण्यात रंग जातो का तेही दिसतं. लाल दोरा तर मी ओला करून पांढऱ्या धडप्यात दाबून ठेवल्याशिवाय वापरतच नाही.

पॉलिस्टर वाईट असं मला अजिबात म्हणायचं नाही. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश यांना मी तोच दोरा लावते. घामाने कुजत नाही, आटत नाही, रंग टिकतो. आता गोधडीला येणाऱ्या जुन्या साड्याही निम्म्याहून जास्त सिंथेटिक असतात, त्यांना पॉलिस्टरचाच बारीक दोरा योग्य. जुन्या, विरलेल्या सुती कापडाला सुती दोरा, एवढाच माझा आग्रह आहे. आणि तंगूस, म्हणजे नायलॉनचा पारदर्शक दोरा, मात्र कुठेच नको, बाळाच्या दुपट्याला तर नकोच नको. दिसत नाही म्हणून काही जणी तो आवडीने लावतात. इस्त्रीने तो वितळतो, आणि त्याची तुटलेली टोकं काट्यासारखी टोचतात. दुपट्यातलं बाळ का रडतंय हे आईला कळतही नाही.

आता नंबरांबद्दल. आमच्या गोधड्या शिवणाऱ्या बायकांच्या गटातल्या नव्या मुली हमखास इथे चुकतात. सुती दोऱ्याचा नंबर मोठा म्हणजे दोरा बारीक. एक पौंड सुतात ८४० वारांच्या किती लड्या बसतात, तो त्याचा नंबर. ४० नंबरच्या एका पौंडात ४० लड्या, ६० नंबरच्यात ६०, म्हणून ६० नंबर बारीक. पुढे तिरकी रेघ मारून २ किंवा ३ लिहिलेलं असतं, ते पेड. ४०/३ म्हणजे ४० नंबरचे तीन धागे एकत्र पिळलेले. सुईचं बरोबर उलट, नंबर वाढेल तशी सुई जाड. १४ म्हणजे ०.९ मिलिमीटर, १६ म्हणजे एक मिलिमीटर. टेक्स नावाचं एक माप आहे, ते सरळ आहे. हजार मीटर दोऱ्याचं वजन जितके ग्रॅम, तितके टेक्स. नेहमीचा ४०/२ चा दोरा साधारण ३० टेक्सचा भरतो. पुतणी अमेरिकेहून क्विल्टिंगची, म्हणजे तिकडच्या गोधडीकामाची, रिळं आणते, त्यावरचा ५० आपल्या ५० शी जुळत नाही. तो हिशेब एक किलो दोरा किती किलोमीटर लांब होतो याचा असतो. इतके हिशेब एकाच दुकानात एकत्र आले की नवखी मुलगी काय करणार? ती रंग बघते आणि घेते.

माझं आजचं गणित सांगते. सुती लुगड्याचे पाच-सहा थर असतील तर मशीनवर ४०/३ सुती दोरा आणि १६ नंबरची सुई. तीन-चार थरांच्या दुपट्याला ५०/३ आणि १४ नंबर. टाका थोडा लांब ठेवायचा. वरचा आणि बॉबीनचा दोरा एकाच जातीचा ठेवते. वर सुती आणि खाली पॉलिस्टर घातलं तर धुतल्यावर एक बाजू आखडते. सुई दोऱ्याला जुळते का हे बघायची एक सोपी युक्ती आहे. सुई मशीनमधून काढा, वीतभर लांब दोरा तिच्यात ओवा आणि दोरा तिरका ताणून धरा. सुई आपोआप घसरत खाली यायला हवी. अडकली तर सुई बारीक आहे. सट्‌कन पडली तर दोऱ्याच्या मानाने भोक फारच मोठं आहे.

हाताचा दोरा मशीनला का चालत नाही, हेही बऱ्याच जणी विचारतात. मशीनमध्ये दोऱ्याचा एकच तुकडा टाक्यात बसेपर्यंत सुईच्या नेढ्यातून कित्येक डझन वेळा वर-खाली जातो. त्याला तिथे घासून घ्यावं लागतं. हाताने शिवायच्या दोऱ्याला खळ किंवा मेण लावलेलं असतं, ते दोऱ्याचा ताण धरणाऱ्या टेन्शनच्या चकत्यांत आणि नेढ्यात साचतं. मग टाका सुटतो आणि मुली मशीनला नाव ठेवतात. हाताने शिवताना दोऱ्यावरून मेणबत्ती फिरवावी, मी अजूनही फिरवते, पण ते रीळ मशीनच्या आसपास ठेवत नाही. शिवायच्या दोऱ्याचा पीळ इंग्रजी झेड अक्षराच्या मधल्या रेषेसारखा तिरका असावा लागतो. उलट पिळाचा दोरा मशीनमध्ये उकलत जातो आणि शेवटी तुटतो.

मशीनवर दोरा सारखा तुटत असेल तर आधी दोरा उजेडाकडे धरून बघावा. चांगला दोरा कडेला गुळगुळीत दिसतो. हलक्या दोऱ्याला सुरवंटासारखी लव असते आणि मध्येच गाठीसारखे फुगवटे. ती लव बॉबीनच्या खाली आणि कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांत साठते. आमच्या गटात एक मशीन महिनाभर बंद होतं, कारागिराने पट्टी काढली तर आत बोटभर जाड कापसाचा नमदा बसला होता. आईच्या काळातली जुनी सुती रिळंही मोह झाला तरी वापरू नयेत. ती तुटतात. मी माझी शोभेला काचेच्या बरणीत ठेवली आहेत.

आता माझ्या खऱ्या तक्रारीकडे येते. हे सगळं माहीत असूनही मला दोरा ओळखता येत नाही, कारण रिळावर काही लिहिलेलंच नसतं. दहा रिळांच्या डब्यावर नंबर असतो, लांबी असते, कशाचा दोरा ते असतं, कंपनीचा पत्ताही असतो. पण डबा दुकानदाराकडे राहतो आणि सुटं रीळ माझ्या हातात येतं. वरची गोल चिठ्ठी निघालेली असते किंवा तिच्यावर फक्त रंगाचा आकडा असतो. "सुती आहे का?" विचारलं की "हो, सुतीच" हे उत्तर ठरलेलं. मागच्या वर्षी पांढरी सहा रिळं घेतली, घरी येऊन जाळून बघितली, चार पॉलिस्टरची निघाली. सुती दोरा कागदासारखा जळतो, कागदासारखाच वास येतो आणि मऊ राख होते. पॉलिस्टर वितळतो आणि टोकाला कडक मणी राहतो. ही परीक्षा चिमट्यात धरून, खाली ताटली ठेवून करावी. पण बाईने बाजारात काडेपेटी घेऊन फिरावं का?

लांबीचंही तसंच. पाच बाय सात फुटांच्या गोधडीला बोट-बोट अंतरावर धावदोरे घातले की पंचाहत्तरच्या आसपास ओळी होतात, म्हणजे दीडशे मीटरहून जास्त शिवण. मशीनवर वरचा-खालचा दोरा मिळून त्याच्या अडीच-तीनपट लागतो, म्हणजे १०० मीटरची चार-पाच रिळं. बिनचिठ्ठीचं एक रीळ मी एकदा टेबलाच्या कडेवर मोजलं, ६८ मीटर भरलं. गोधडीची किंमत ठरवताना दोऱ्याचा हा खर्च कोण धरतं? महालक्ष्मी सरससारख्या बचत गटांच्या प्रदर्शनात आमच्या गोधड्या जातात, तिथे गिऱ्हाईक विचारतं, "किती वर्षं टिकेल?" कापडाचं मी सांगू शकते, दोऱ्याचं कशाच्या जोरावर सांगू?

पॅकबंद वस्तूवर निव्वळ माप, किंमत आणि उत्पादकाचं नाव हवं, असं वैध मापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ सांगतात. डबा फोडून सुटं विकलं की तो उपयोग आमच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून दोरा बनवणाऱ्यांना माझी विनंती आहे, प्रत्येक रिळाच्या टोकावर, न निघणाऱ्या शाईत, मराठीत किंवा हिंदीत तीन गोष्टी छापाव्या: कशाचा दोरा, किती नंबर किती पेड, आणि किती मीटर. एवढं करायला रुपयाही लागणार नाही. दुकानदारांना विनंती, माहीत नसेल तर "माहीत नाही" म्हणा. आम्ही तरीही तुमच्याकडूनच घेऊ.

आणि संपादक महाशय, आपल्याला विनंती ही की गोधडीवर पुढचं पान कराल तेव्हा दोऱ्यासाठी एक चौकट ठेवा. लागेल ती माहिती आमच्या गटातल्या बायका बसून सांगतील.

त्या पुण्याच्या बाईंची गोधडी मी सगळी उसवली. चार लुगड्यांतलं जेवढं धड होतं तेवढ्याचं एक लहान दुपटं शिवलं, हाताने, भिजवलेल्या सुती दोऱ्याने. शिलाई घेतली नाही. त्यांच्या मुलीला मागच्या श्रावणात मुलगा झाला, तो आता त्यात निजतो. तीनदा धुऊन झालं आहे. एक टाका तुटला, तो त्यांनी स्वतः घातला, असं परवा फोनवर सांगत होत्या.

आपली,
गोधड्या शिवणारी एक वाचक,
शनिवार पेठ, कराड